लेकराचा गुडघा उगंच दुखत नाही: खेळणाऱ्या पोरांच्या दुखापतीचा हिशोब

पोरगं कबड्डीत पडलं, हात मोडला, प्लास्टर लागलं की सगळ्या गल्लीला कळतं, घरचे धावपळ करतात, सर पण दवाखान्यात येऊन बसतात. पण तेच पोरगं तीन आठवड्यांपासून "सर, टाच दुखायलीय" म्हणत असलं तर त्याला उत्तर काय मिळतं? वाढीचं वय आहे, दुखतच असतं, रात्री तेल लावून झोप. अन् सकाळी परत ग्राउंडचे दहा राऊंड.

डॉक्टर लोक खेळाच्या दुखापती मोटामोटी दोन गटात टाकतात. एक म्हणजे अचानक झालेल्या, म्हणजे पडणं, आदळणं, मुरगळणं, चेंडू लागणं. दुसऱ्या हळूहळू साठत आलेल्या, तोच सांधा तेच हाड रोज त्याच पद्धतीने इतकं वापरलं की मधे भरून यायला वेळच मिळाला नाही. ह्यांना अतिवापराच्या दुखापती म्हणतात आणि लहान वयाच्या खेळाडूंच्या एकूण दुखापतीत त्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास धरतात. पहिल्या प्रकारात नशिबाचा थोडा भाग असतो, मान्य. दुसऱ्यात नशीब जवळपास नसतंच, तिथं कुणीतरी हिशोब ठेवलेला नसतो, आणि तो ठेवायचं काम लेकराचं नाही, आपलं आहे. कारण टीममधून नाव कापलं जाईल ह्या भीतीनं लेकरू दुखणं लपवतं, हे ग्राउंडवर उभं राहिलेल्या कुणालाही माहितीय.

वाढतं हाड कुठं कच्चं असतं

लांब हाडांच्या टोकाजवळ लेकरांमध्ये कुर्चेची एक पातळ चकती असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. उंची वाढते ती इथून. मुलींमध्ये साधारण १४-१५ आणि मुलांमध्ये १६-१७ च्या आसपास बहुतेक चकत्या भरून पक्कं हाड होतं, त्याआधी ही चकती तिच्या बाजूच्या लिगामेंटपेक्षा, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यापेक्षा, कमजोर असते. म्हणून होतं काय की ज्या झटक्यात मोठ्या माणसाचा घोटा नुसता मुरगळतो त्याच झटक्यात १३ वर्षाच्या पोराची चकती फाटू शकते, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती कधी कधी दिसत पण नाही. ह्या फ्रॅक्चरचे प्रकार साल्टर आणि हॅरिस ह्या दोन डॉक्टरांनी १९६३ मध्ये पाडले, आजही हाडाचे डॉक्टर तेच वापरतात, रिपोर्टवर 'साल्टर हॅरिस टाइप २' असं काही दिसलं तर ते हेच. बहुतेक नीट भरून येतात. पण काही प्रकारात त्या जागची वाढ थांबते किंवा हाड वाकडं वाढतं, म्हणून सांध्याजवळ सूज आली, हाडावर दाबलं की लेकरू ओरडतंय, तर "मुका मार आहे" म्हणून सोडू नका.

दुसरी कच्ची जागा म्हणजे जिथं मोठा स्नायू हाडाला येऊन चिकटतो ती. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येतो आणि नडगीच्या वरच्या टोकाला चिकटतो, ती जागा वाढीच्या वयात मऊ असते, आणि रोज शंभर उड्या, शंभर उठबशा असं चाललं की तिथं ओढ बसून बसून ती सुजते, टेंगूळ येतं, मांडी घालून बसलं की नाही तर गुडघे टेकले की कळ येते. ह्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. १९०३ मध्ये अमेरिकेत ऑसगुडने आणि स्वित्झर्लंडमध्ये श्लाटरने वेगवेगळं लिहून ठेवलं म्हणून दोघांचं नाव. टाचेत तोच प्रकार झाला तर त्याला सेव्हर म्हणतात, साधारण ८ ते १४ वयात, टाच दोन्ही बाजूंनी दाबली की दुखते. दोन्ही दुखणी वाढ पूर्ण झाली की बहुतेकांची आपोआप जातात, पण तोपर्यंत खेळ कमी करावा लागतो, पूर्ण बंदच करायची गरज प्रत्येक वेळी नसते. खोखोत तर हे दोन्ही भरपूर दिसणार, कारण सारखं खाली बसायचं, उठायचं, खो मिळाला की झटक्यात पळायचं, आणि आपल्या धाराशिवची खोखोची परंपरा तुम्हाला सांगायला नको, सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला ती इथलीच. तिच्यासारखं व्हायचं म्हणून गल्लोगल्ली पोरी खेळायल्यात, चांगलंच आहे, पण त्यांच्या गुडघ्यांकडं कुणीतरी बघायला पाहिजे.

सगळ्यात नाजूक काळ म्हणजे उंची भराभर वाढते तो. मुलींमध्ये साधारण १२ व्या वर्षी, मुलांमध्ये साधारण १४ व्या वर्षी हा वेग सगळ्यात जास्त असतो. हाड आधी लांबतं, स्नायू मागून येतात, म्हणून पाय आखडल्यासारखे होतात, आणि हाडात कॅल्शियम भरायचं कामही थोडं मागं पडलेलं असतं, त्यामुळे ह्याच वयात मनगटाजवळची फ्रॅक्चरं पण जास्त होतात. लेकरू पळताना धडपडायला लागतं, कालपर्यंत जमणारी उडी आज जमत नाही, सर म्हणतात लक्ष नाही त्याचं. लक्ष आहे हो, पाय दोन इंच लांब झालेत, त्याच्या मेंदूला अजून पत्ता लागायचाय. ह्याला उपाय अगदी फुकटचा आहे, भिंतीवर पेन्सिलीने दर महिन्याला उंचीची खूण करायची, तारीख टाकायची. महिन्याला अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसायला लागली की पुढचे काही महिने उड्या आणि वेगवान पळणं कमी, तोल आणि तंत्रावर भर. आपल्याकडचा शेतकरी माणूस गोऱ्ह्याला एकदम नांगराला जुंपत नाही, आधी नुसतं जू मानेवर देऊन फिरवतो, मग हलकं काम देतो, मग औत. तोच माणूस पोराला अकॅडमीत टाकला की पहिल्या आठवड्यात विचारतो, सिलेक्शन कधी?

तास मोजा, ओव्हर मोजा, राऊंड मोजा

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि खेळाचे डॉक्टर एक साधा नियम सांगतात, आठवड्यात शिस्तीच्या सरावाचे तास लेकराच्या वयापेक्षा जास्त नकोत. १२ वर्षाचं लेकरू, तर १२ तास. आठवड्यात १-२ दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात एकूण २-३ महिने त्या खेळापासून लांब, ते पण सलगच पाहिजेत असं नाही, एकेक महिन्याचे तुकडे चालतील. आता आपल्याकडचं गणित करून बघा. १४ वर्षाची पोरगी, सकाळी २ तास, संध्याकाळी अडीच तास, आठवड्यात ६ दिवस, झाले २७ तास. नियमाच्या जवळपास दुप्पट. ह्यात शाळेचा पीटीचा तास धरलेला नाही, घरचं पाणी भरणं धरलेलं नाही. हे ऐकून काही प्रशिक्षक चिडतात, म्हणतात एवढ्यानं मेडल येत नसतं. येत नसेल कदाचित. पण गुडघ्याला बेल्ट बांधून बेंचवर बसलेल्या पोरीचं पण येत नाही.

एकूण तासांइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे एकदम वाढलेला लोड. हाड रोज स्वतःची दुरुस्ती करत असतं, जुना थकलेला भाग आधी खरवडून काढतं आणि मग तिथं नवीन भरतं. काढायचं काम काही आठवड्यात होतं, भरून पक्कं व्हायला महिने लागतात. त्यामुळे एखाद्यानं अचानक पळणं वाढवलं तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड आधीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच पोरगं म्हणतं आता जमायलंय, अजून वाढवतो. तिथंच बारीक चीर पडते, स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात ते. आपल्या भागात हे कुठं बघायचं असेल तर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांकडं बघा. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याशिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. भरती निघाली की जाहिरात वाचल्या दिवसापासून पोरं डांबरी रोडवर पळायला लागतात, घासून गुळगुळीत झालेल्या बुटात, आधी सहा महिने काहीच केलेलं नसतं. १६-१७ वर्षाची धाकटी भावंडं पण मागं मागं पळतात. मग नडगी दुखते. नडगीच्या आतल्या कडेला लांब पट्ट्यात, चार-पाच बोटं भरून दुखत असेल तर बहुतेक वेळा ते शिन स्प्लिंट असतं, पळणं कमी केलं की बसतं. पण एका बोटानं दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्री झोपेत पण ठणकत असेल, तर पळणं त्या दिवशी बंद आणि हाडाचा डॉक्टर. पहिला एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पळायला लागू नका, ही चीर एक्स-रेत दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये असा एक आकडा सगळीकडं सांगतात. तो काही ब्रह्मवाक्य नाही, त्याच्या मागचा पुरावा तसा पातळ आहे, पण "हळू वाढवा" हे सांगायला चांगला आहे आणि लक्षात राहतो. खरी पंचाईत आपल्या स्पर्धांच्या वेळापत्रकाची आहे. तालुका झाला, जिंकले, की आठवड्या-दोन आठवड्यात जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि जिंकणारी टीम म्हणजे सगळ्यात दमलेली टीम. त्यात तीच पोरगी १७ च्या गटात पण आणि १९ च्या गटात पण उतरवलेली. दिवाळीत पंधरा दिवस झोपून राहायचं आणि सुट्टी संपल्या संपल्या डबल सराव, हे तर सगळ्यात वाईट. उन्हाळी शिबिराचं पण तसंच.

क्रिकेटवाल्यांसाठी वेगळं सांगतो. वेगवान बॉलरच्या कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांवर, बॉलिंगच्या हाताच्या उलट्या बाजूला, वाकून-वळून सतत ताण येतो आणि वाढीच्या वयात तिथं चीर पडते. जसप्रीत बुमराहसारख्या पूर्ण वाढलेल्या, सगळी सोय असलेल्या माणसाची पाठ २०१९ मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चरने गेली आणि २०२३ मध्ये ऑपरेशन करावं लागलं, मग १३ वर्षाच्या पोराचं काय घेऊन बसलात. इंग्लंडच्या बोर्डानं बरीच वर्षं वयाप्रमाणे मर्यादा घालून दिलेली होती, १३ वर्षांखाली एका स्पेलला ५ ओव्हर आणि दिवसाला १०, १५ खाली ६ आणि १२, १७ खाली ७ आणि १८. आपल्याकडं होतं असं की सकाळी अकॅडमीत नेट, दुपारी शाळेची मॅच, संध्याकाळी गल्लीतल्या मोठ्या पोरांनी टेनिस बॉल टुर्नामेंटला बोलवलं, आणि तिन्हीकडच्या ओव्हर कुणी एकत्र धरत नाही. एक वही ठेवा, पोरालाच लिहू द्या, नेटमधले बॉल पण धरा. आणि बॉलिंग करणाऱ्या पोराची कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल तर ते "झोपण्यात आखडलं असंल" नसतं, दाखवून घ्या. लवकर सापडलं तर काही महिन्यांच्या विश्रांतीत भरतं.

एकच खेळ, तोही आठव्या वर्षापासून

आईबापाला दोष देणं सोपं आहे, पण कारणं पण खरी आहेत. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट, आणि कोरडवाहू दोन एकरात भविष्य दिसत नाही म्हणून पोरगं लवकर एका खेळाला लावायचं. पण एकाच खेळाला लवकर जुंपलेल्या लेकरांना अतिवापराच्या दुखापती जास्त होतात हे बऱ्याच अभ्यासात दिसलंय, आणि बहुतेक खेळात १५-१६ वर्षांपर्यंत दोन-तीन खेळ खेळणं चांगलं असं डॉक्टर सांगतात. जिम्नॅस्टिकसारखे एक-दोन खेळ सोडले तर उशीर झाल्यानं काही बिघडत नाही.

पटत नसेल तर बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे घ्या. लहानपणी घर ते शाळा ६ किलोमीटर पायी जाणारं पोरगं, बारावीनंतर फौजेत गेलं, सियाचीनला ड्युटी केली, आणि धावण्याच्या स्पर्धेत उतरलं ते २०१५ मध्ये, म्हणजे विशीनंतर. स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून उड्या मारत पळायची शर्यत, तर त्याच्याही नंतर. पुढं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चांदी आणि २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सोनं. आठव्या वर्षापासून अकॅडमीत नव्हता तो. आणि त्याच अविनाशचं दुसरं उदाहरण पण घ्यायला पाहिजे, जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर पडला, गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन. म्हणजे अचानकची दुखापत कुणालाही होते. शक्यता कमी करता येते एवढंच.

पडणं, मुरगळणं, आदळणं

सुरुवात ग्राउंडपासून. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाय आख्खा आत जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती बुटाला किलो-किलो चिकटते. भेगेत पाय अडकून घोटा जाणं हे मराठवाड्यातलं अगदी घरचं दुखणं आहे. सरावाआधी पाच मिनिटं सगळ्या पोरांनी रांगेत चालत ग्राउंड बघायचं, दगड, काचा, बाभळीचे काटे उचलायचे, भेगा मुरूम टाकून बुजवायच्या, ह्याला पैसे लागत नाहीत. दुसरं म्हणजे माती आणि मॅटचा फरक. मातीत पाय थोडा सरकतो, मॅटवर चिकटतो, आणि पाय चिकटलेला असताना अंग वळलं की झटका गुडघ्यावर येतो. वर्षभर मातीत खेळलेली टीम विभागाला एकदम मॅटवर उतरते तेव्हा हे होतं, जमेल तर आधी चार-आठ दिवस कुठंतरी मॅटवर सराव मिळवा. हलते गोलपोस्ट जमिनीत पक्के करा, लेकरं त्याला लोंबकळतात आणि ते अंगावर येतं. नखं कापलेली, कानातलं, बांगड्या, अंगठ्या काढलेल्या. आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की मॅच बंद, झाडाखाली नाही तर पक्क्या इमारतीत, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास. आपल्याकडं विजा कशा पडतात हे वेगळं सांगायला नको.

पहाटे हायवेला पळणाऱ्या पोरांना एकच सांगणं, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं पळा, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं, कानात हेडफोन नको, अंगात पांढरं किंवा चमकणारं काहीतरी. काळा ट्रॅकसूट घालून अंधारात चौघं-चौघं आडवे पळतात.

वयचोरीबद्दल कुणी बोलत नाही, मी बोलतो. १४ खालच्या गटात १७ वर्षाचं पोरगं दाखला बदलून उतरवलं की ते नुसती फसवणूक राहत नाही. त्याचं वजन, त्याची ताकद, आणि समोर खरोखरचं १३ वर्षाचं कच्च्या हाडाचं लेकरू, त्याच्यावर साखळी पडली की काय होणार? वाढीचा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो त्यामुळे खऱ्या वयाच्या गटात पण पोरं लहान-मोठी असतात, म्हणून निदान सरावात जोड्या वयापेक्षा वजन-उंची बघून लावा.

आता वॉर्मअप. आपल्याकडचा वॉर्मअप म्हणजे दोन राऊंड, वाकून पायाची बोटं धरणं, आणि गप्पा. ह्यापेक्षा खूप चांगली गोष्ट तयार आहे, फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं बनवलेला २० मिनिटांचा वॉर्मअप, नाव फिफा इलेव्हन प्लस. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींच्या टीमांवर एक हंगाम तपासला, २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, एकूण दुखापती जवळपास एक तृतीयांश कमी, गंभीर आणि अतिवापराच्या तर निम्म्याच्या आसपास. १३ खालच्या लेकरांसाठी वेगळा आहे, त्यानं पण दुखापती निम्म्याच्या जवळपास कमी झालेल्या दिसल्या. आहे काय त्यात, तर हळू पळणं, बाजूला पळणं, प्लँक म्हणजे कोपरांवर अंग सरळ धरून राहणं, एका पायावर तोल, उठबशा, उड्या मारून मऊ उतरणं, आणि एक जोडीचा व्यायाम, गुडघ्यावर उभं राहायचं, जोडीदारानं मागून घोटे धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढं झुकायचं, मांडीच्या मागच्या स्नायूसाठी. सगळ्यात मोलाचं त्यातलं उतरणं. उडीवरून उतरताना गुडघा आत वळतो का बघा, मोबाईलवर समोरून व्हिडिओ काढा, लगेच कळतं. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत पाहिजे, आवाज न करता उतरायचं. मुलींमध्ये वयात आल्यावर गुडघ्याचं ते मधलं लिगामेंट, एसीएल, फाटायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं आणि बहुतेक वेळा कुणी धक्का न मारताच फाटतं, थांबताना नाही तर वळताना. म्हणून मुलींच्या टीमला तर हे आठवड्यातून दोन-तीनदा पाहिजेच. फुटबॉलचं आहे म्हणून नाक मुरडू नका, कबड्डी-खोखोत पण पळणं, थांबणं, वळणं, उतरणंच आहे. सूर्यनमस्कार आम्ही घेतोच म्हणणाऱ्यांना सांगतो, घ्या, चांगलेच आहेत, पण त्यात उतरणं शिकवत नाहीत.

डोक्याला लागलं तर

इथं मी जरा कडक बोलणार. रेडरचा गुडघा बचावपटूच्या डोक्याला लागला, खोखोत खांबावर सूर मारताना कपाळ आपटलं, बॉल हेल्मेटवर बसला, आणि लेकरू मिनिटभर भांबावलं. आपण काय करतो, तोंडावर पाणी मारतो, कांदा हुंगवतो, "काय झालं न्हाई, उठ" म्हणून परत उतरवतो. मेंदूला हादरा बसायला बेशुद्ध पडावंच लागत नाही, बहुतेक जण शुद्धीतच असतात. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, तोच प्रश्न परत परत विचारणं, स्कोअर किती झाला ते न आठवणं, ह्यातलं एक जरी असलं तर त्या दिवशी परत खेळ नाही, फायनल असली तरी नाही. कारण पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर कोवळ्या वयात मेंदूला भयंकर सूज येऊ शकते, क्वचित होतं पण जीव जातो. उलट्या वाढल्या, झोपेतून उठवता येईना, फिट आली, हातपाय लुळे पडले, डोकेदुखी वाढतच चालली, तर १०८ ला फोन, वाट बघायची नाही. बाकीच्यांनी एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमी, मग आधी शाळा, मग हळू पळणं, मग सराव, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि अंगाला अंग लागणारा खेळ डॉक्टरनी हो म्हटल्यावरच. कुस्तीत नाही तर कबड्डीत डोक्यावर पडून मान दुखायला लागली, हातात मुंग्या आल्या, तर त्याला उचलून बसवू नका, आहे तसं पडू द्या, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि गाडी बोलवा.

पक्का दात आख्खा पडला तर तो दात परत बसतो, हे खूप जणांना माहितीच नाही. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका, माती असली तर क्षणभर धुवा, जमलं तर त्याच खाचेत बसवा नाही तर थंड दुधात टाका, आणि अर्ध्या-एक तासात दाताचा डॉक्टर गाठा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो.

लचक, मालिश आणि कामट्या

घोटा मुरगळला की पहिली हाक मालिशवाल्याला नाही तर हाडवैद्याला. त्या लोकांचा मान राखून सांगतो, ताज्या सुजेवर चोळणं म्हणजे आतलं रक्त अजून वाढवणं, आणि लेकराची चकती फाटलेली असेल तर ती सरकवणं. पहिले दोन-तीन दिवस काय करायचं, खेळ थांबवा, पाय उशीवर उंच, ओल्या फडक्यात बर्फ १५-२० मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, इलॅस्टिकची पट्टी हलक्या दाबाची. गरम शेक नको, चोळणं नको. चार पावलं पण टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबलं की दुखत असेल, तर एक्स-रे काढाच, हा नियम कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये बसवला आणि आजही चालतो. कामट्या घालून घट्ट आवळून बांधणं सगळ्यात धोक्याचं. आत सूज वाढते, बाहेरून बंधन, रक्त थांबतं, बोटं निळी-थंड पडतात, मुंग्या येतात, आणि काही तासांत स्नायू कायमचे मरतात, हात वाकडा राहतो नाही तर कापावा लागतो. बांधल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढायलंय तर रात्र असो की काही असो, बांधलेलं सोडा आणि दवाखाना गाठा.

खाणं, झोप, ऊन

अमेरिकेतल्या एका शाळेच्या खेळाडूंमध्ये ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता १.७ पट निघाली होती. आपल्याकडं लातूरसारख्या ठिकाणी पहाटे ग्राउंड, मग शाळा, मग ट्युशन, रात्री अकराला गृहपाठ, आणि पुन्हा पाचला उठ. हाडाची दुरुस्ती झोपेत होते, ती व्हायची कधी? पोरीची पाळी सुरू होऊन मधेच तीन महिने बंद पडली तर "बरं झालं, सरावात अडचण नाही" असं म्हणू नका, खाणं कमी पडतंय आणि हाडं कच्ची होतायत ह्याची ती खूण असते. भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, तीळ, दूध-दही, अंडी चालत असतील तर अंडी, एवढं पोटभर मिळालं तरी खूप आहे, डब्यातली पावडर लागत नाही. वजनगटात बसायला पाणी तोडणं, स्वेटर घालून पळवणं, थुंकायला लावणं हे तालमीत आणि कबड्डीत सर्रास चालतं. १९९७ मध्ये अमेरिकेत असंच वजन तोडताना काही आठवड्यात कॉलेजचे तीन पैलवान मेले आणि मग तिथं नियम बदलले. उन्हाचं थोडक्यात, मार्च ते जून सराव सकाळी आठच्या आत नाही तर ऊन उतरल्यावर, पहिले १०-१४ दिवस हळूहळू वाढवत, पाणी मागायची वाट न बघता पाजायचं. पोरगं गरम होऊन बरळायला लागलं तर आधी जागेवरच अंगावर थंड पाणी ओता, मग गाडी.

परत कधी उतरवायचं

दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं. दोन्ही पाय सारखे वाकतात का, सूज गेली का, एका पायावर जितकी लांब उडी चांगल्या पायानं जाते त्याच्या निदान ९० टक्के दुखऱ्या पायानं जाते का, न लंगडता पळता-वळता येतं का, हे ग्राउंडवर टेपनं मोजता येतं. एसीएलचं ऑपरेशन झालेलं असेल तर ९ महिन्यांच्या आत सामना नाही, घाई केलेल्यांचा गुडघा परत जायचं प्रमाण बरंच जास्त आहे. आणि गोळी खाऊन, स्प्रे मारून, इंजेक्शन घेऊन लेकराला मॅचला उतरवायचं नाही, दुखणं ही एकच खबर असते त्याच्याकडं द्यायला आणि तीच आपण बंद करतो. "माझ्या वेळी आम्ही असंच खेळलो" असं कुणी सर म्हणाले तर त्यांना त्यांचा गुडघा आज कसा आहे ते विचारा. खेळाडू घरी असेल तर वहीच्या पहिल्या पानावर उंची, दुसऱ्यावर तास, तिसऱ्यावर कुठं दुखतंय ते रोज एका ओळीत लिहायला लावा, आणि सलग तीन ओळीत तीच जागा आली की रविवारी सरांना भेटून या.